ऊर्जेच्या गणिताचं उत्तर जुळत नाही? आधी दोन उत्तरांचा भागाकार करून बघा

"बाई, सूत्र बरोबर आहे, गुणाकार तीनदा तपासला, तरी उत्तर जुळत नाही." नववीचा कार्य आणि ऊर्जा हा धडा सुरू झाला की माझ्या शिकवणीत दर वर्षी हे वाक्य ऐकू येतं. अकरावीची मुलंही तेच म्हणतात. आणि बहुतेक वेळा ती खरं बोलत असतात. सूत्र बरोबर असतं, गुणाकारही बरोबर असतो. चूक त्याच्या आधी, आकडा सूत्रात ठेवतानाच झालेली असते, आणि तपासताना नेमकी तीच जागा सोडून बाकी सगळं तपासलं जातं.

मागच्या वर्षी एक मुलगी वही घेऊन आली. गणित साधं होतं: चालकासकट १५० किलो वस्तुमानाची स्कूटर ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे, तिची गतिज ऊर्जा काढा. पुस्तकातलं उत्तर ७,५०० ज्यूल. तिचं ९७,२०० ज्यूल. चार वेळा सोडवलं, चारही वेळा ९७,२००. खोडरबर घासून घासून पान इतकं पातळ झालं होतं की मागच्या पानावरची निळी शाई वर दिसत होती. मी तिला पाचव्यांदा सोडवायला लावलं नाही. म्हटलं, "तुझ्या उत्तराला पुस्तकातल्या उत्तराने भाग." भागाकार आला १२.९६. "आता याचं वर्गमूळ काढ." आलं ३.६. तो आकडा दिसताच तिची पेन्सिल आपोआप 'ताशी ३६ किलोमीटर' या शब्दांवर गेली.

तेव्हापासून मी हीच रीत सगळ्यांना आधी शिकवते. दोन्ही सूत्रं समोर ठेवा:

स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेग²

यांत कुठेही बेरीज नाही, नुसता गुणाकार आहे. त्यामुळे एखादा आकडा हजारपट मोठा पडला की उत्तर हजारपट मोठं होतं, ना कमी ना जास्त; फक्त वेगाचा वर्ग होतो, म्हणून वेगातल्या चुकीचाही वर्ग होतो. चुकीचं माप उत्तरात जसंच्या तसं शिल्लक राहतं. चुकीच्या उत्तराला बरोबर उत्तराने भागलं की बाकी सगळं कटून जातं आणि फक्त चूक उरते. भागाकार १ पेक्षा लहान आला तर उलटा भागा, म्हणजे ओळखीचा आकडा दिसेल.

भागाकार १२.९६, ३.६ किंवा १६८ च्या आसपास

हे तिन्ही एकाच घरचे. ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करायला ५/१८ ने गुणायचं, म्हणजेच ३.६ ने भागायचं. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. १० चा वर्ग १००, त्याला १५० ने गुणून निम्मे केले की ७,५००. रूपांतर करायचं राहून गेलं तर ३६ चा वर्ग १,२९६ होतो आणि उत्तर ३.६ च्या वर्गाने, म्हणजे १२.९६ पटीने फुगतं.

भागाकार ३.६ आला तर चूक जरा आत लपलेली असते. विद्यार्थ्याला रूपांतर आठवलेलं असतं, पण उशिरा. त्याने आधी ३६ चा वर्ग केला आणि मग १,२९६ ला ५/१८ ने गुणलं. आले ३६०, आणि उत्तर २७,००० ज्यूल. वर्ग करायच्या आधीच एकक बदलायला हवं, कारण वर्गाबरोबर एककाचाही वर्ग होतो. आणि १६८ च्या जवळचा आकडा आला तर ५/१८ च्या जागी १८/५ घेतलेले असतात, ३.६ चा चौथा घात १६७.९६ आहे. यावर उपाय म्हणून मी मुलांना एकच गोष्ट मनात ठेवायला सांगते: तोच वेग मीटर प्रति सेकंदात लिहिला की आकडा नेहमी लहान होतो. वेगाने चालणारा माणूस ताशी ५ किलोमीटर जातो, तो सेकंदाला १८ मीटर कसा जाईल?

भागाकार १०, १००, १००० यांसारखा गोल

ग्रॅमचे किलो करायचे राहिले तर १०००. उंची सेंटिमीटरमध्येच राहिली तर १००. वेग सेंटिमीटरमध्ये राहिला तर वर्गामुळे १०,०००. सगळंच ग्रॅम-सेंटिमीटरमध्ये करून खाली मात्र 'ज्यूल' लिहिलं तर भागाकार बरोबर एक कोटी येतो. ते उत्तर मुळात चुकीचं नाहीच, ते अर्गमध्ये आहे. १ ज्यूल म्हणजे १ कोटी अर्ग.

पाण्याच्या गणितात हजारची चूक दुसऱ्या दाराने येते. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० लिटर, म्हणजेच १,००० किलो. मुलं '१ घनमीटर' वाचतात आणि वस्तुमानाच्या जागी १ टाकून मोकळी होतात.

पण परीक्षेत पुस्तकातलं उत्तर समोर नसतं, मग भागायचं कशाला? तिथे अंदाज कामाला येतो, आणि अंदाजासाठी हाताशी एखादं ओळखीचं माप लागतं. माझं माप पेरूचं आहे. शंभर ग्रॅमचा पेरू जमिनीवरून मीटरभर उचलला की साधारण १ ज्यूल कार्य होतं, नेमकं सांगायचं तर ०.९८. पहिल्या दिवशी मी खरोखर पेरू आणते आणि प्रत्येकाला उचलायला लावते. हाताला एकदा ज्यूल कळला की कागदावरचा अवाढव्य आकडा खटकायला लागतो.

माडावरून १२ मीटरवरून पडणारा दीड किलोचा नारळ घ्या. गुरुत्व त्वरण ९.८ धरलं तर सुटायच्या क्षणी त्याची स्थितिज ऊर्जा १.५ × ९.८ × १२ = १७६.४ ज्यूल. वस्तुमान १,५०० ग्रॅमच ठेवलं तर १,७६,४०० ज्यूल येतात. ही ऊर्जा केवढी आहे माहीत आहे? हजार किलोची मोटार १८ मीटर, म्हणजे सहा मजले वर उचलायला बरोबर एवढीच लागते. नारळ डोक्यात पडला तर जीव जाऊ शकतो हे खरं, पण तो मोटार सहा मजले उचलत नाही. एवढा विचार करायला परीक्षेत दहा सेकंद लागतात.

भागाकार ९.८

इथे दोष मुलांचा कमी आणि आपल्या रोजच्या बोलण्याचा जास्त आहे. बाजारात आपण 'दोन किलो वजनाचा भोपळा' म्हणतो, दवाखान्यात 'वजन किती?' विचारलं की 'पन्नास किलो' सांगतो. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र किलोत मोजतात ते वस्तुमान, आणि वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला जेवढ्या बलाने ओढते ते, न्यूटनमध्ये. एकच शब्द घरात एक अर्थ घेऊन येतो आणि शाळेत दुसरा. मला वाटतं हा फरक धड्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात सांगायला हवा, कारण पुढची निम्मी रड तिथूनच सुरू होते.

गणितात लिहिलेलं असतं: '४९ न्यूटन वजनाचा दगड २ मीटर उचलला.' वजन शब्द दिसला की मूल ४९ × ९.८ × २ करतं आणि ९६०.४ ज्यूल लिहितं. पण ४९ न्यूटनमध्ये ९.८ आधीच आलेले आहेत; तो दगड ५ किलोचा आहे. वजन दिलं असेल तर नुसतं वजन × उंची, म्हणजे ४९ × २ = ९८ ज्यूल. उलट बाजूने, '५ किलोचा दगड' असताना ५ × २ = १० लिहिलं की ९८ ला १० ने भागून तेच ९.८ मिळतात. शब्दाकडे बघू नका, एककाकडे बघा: किलो असेल तर ९.८ ने गुणायचं, न्यूटन असेल तर नाही.

भागाकार १.०२ आला तर काळजी नको. तुम्ही गुरुत्व त्वरण १० धरलं, पुस्तकाने ९.८ धरलं, एवढंच. ९.८ सुद्धा सोयीसाठी घेतलेली किंमत आहे: विषुववृत्ताजवळ ते ९.७८ च्या आसपास असतं आणि ध्रुवांवर ९.८३. गणितात जे दिलं असेल तेच वापरा.

आणखी एक: गतिज ऊर्जेच्या सूत्रात गुरुत्व त्वरण नाहीच. चंद्रावर सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा पृथ्वीवर त्याच वेगाने जाणाऱ्या त्याच गाडीएवढीच असते. 'चंद्रावर' हा शब्द दिसला म्हणून कुठेतरी ६ ने भागायचा मोह आवरा.

भागाकार २

'अर्धा' विसरला, किंवा नको तिथे घातला. स्थितिज ऊर्जेत अर्धा घालणारी मुलंही मी दर वर्षी बघते. पाठांतराने ही चूक जात नाही, कारण पाठ केलेला अर्धा कुठून आला हेच मुलांना कोणी सांगितलेलं नसतं. तो असा येतो.

तीच १५० किलोची स्कूटर उभी आहे. ती एकसमान त्वरणाने ५ सेकंदांत सेकंदाला १० मीटर वेग घेते. त्वरण झालं २, बल झालं १५० × २ = ३०० न्यूटन. आता ती किती अंतर गेली? इथे मुलं १० × ५ = ५० मीटर म्हणतात आणि कार्य ३०० × ५० = १५,००० ज्यूल काढतात. पण ती पाचही सेकंद १० च्या वेगाने गेलेली नाही. सुरुवातीला वेग शून्य होता, शेवटी १०, म्हणजे सरासरी ५. अंतर २५ मीटर. कार्य ३०० × २५ = ७,५०० ज्यूल. सूत्रातला अर्धा म्हणजे हीच सरासरी. पाच सेकंदांऐवजी दहा सेकंद घेऊन बघा: बल निम्मं होतं, अंतर दुप्पट होतं, उत्तर ७,५०० च राहतं. ही दोन ओळींची आकडेमोड मूल एकदा स्वतःच्या हाताने करतं, तेव्हा पुढे अर्धा विसरत नाही. स्थितिज ऊर्जेत तो का नाही, हेही त्याला तिथेच कळतं: उचलताना वजन खालपासून वरपर्यंत सारखंच राहतं, सरासरी काढायचा प्रश्नच येत नाही.

या अर्ध्याने थोरामोठ्यांनाही बराच काळ चकवलं आहे. जर्मन गणिती लाइब्नित्सने १६८६ मध्ये वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग ही राशी मांडली, तेव्हा तिच्यात अर्धा नव्हता. मुळात वेगाचा वर्ग घ्यायचा की नुसता वेग, यावरच पुढे कित्येक वर्षं वाद चालला. हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडे याने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून खड्डे मोजले. वेग दुप्पट झाला की खड्डा दुप्पट नाही, चौपट होत होता. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले हिने १७४० च्या आपल्या पुस्तकात हाच पुरावा धरून वर्गाची बाजू मांडली. सूत्राला अर्धा जोडून ते कार्याच्या हिशेबाशी जुळवण्याचं काम फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसने १८२९ मध्ये केलं. म्हणजे वर्गाची राशी आली आणि अर्धा येईपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षं गेली. वहीत अर्धा विसरलेल्या मुलावर म्हणूनच मला कधी रागावता येत नाही.

मातीचा प्रयोग अंगणात करता येतो. ओल्या चिकणमातीचा सपाट थर घ्या आणि एक गोटी २५ सेंटिमीटरवरून आणि मग एक मीटरवरून टाका. उंची चौपट केली की आदळतानाचा वेग दुप्पट होतो, आणि दोन खड्ड्यांतला फरक डोळ्यांना दिसतो. ग्राव्हेसांडेसारखे नेमके आकडे मिळायचे नाहीत, पण मुलं तो खड्डा बोटाने चाचपतात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

भागाकार वेगाइतकाच आला, म्हणजे स्कूटरच्या गणितात १०, तर वर्ग करायचा राहिला आहे. इथे एक सावधगिरी बाळगा: वेग १० असेल तर हा १० आणि एककाच्या चुकीचा १० सारखाच दिसतो.

जिथे भागाकार काही सांगत नाही

आतापर्यंतच्या चुका गुणाकाराच्या होत्या. भागाकार १.२८ किंवा ०.७८ असा अनोळखी आला तर समजावं की गणितात कुठेतरी वजाबाकी होती आणि ती चुकली. अशा जागा दोनच, उंचीचा फरक आणि वेगाच्या वर्गांचा फरक, पण मुलांचे सगळ्यांत जास्त गुण इथेच जातात.

विहीर घ्या. पाणी जमिनीपासून ८ मीटर खाली, काठावरचा कठडा जमिनीच्या १ मीटर वर. पाण्यासकट १२ किलोची बादली कठड्यावर आणायची. काही मुलं उंची ८ धरतात, काही १ धरतात. बादली चढते ९ मीटर, आणि ऊर्जेतला बदल १२ × ९.८ × ९ = १,०५८.४ ज्यूल. जमीन शून्य धरली तर पाण्याजवळ बादलीची स्थितिज ऊर्जा उणे ९४०.८ आणि कठड्यावर अधिक ११७.६ येते. स्थितिज ऊर्जा उणे कशी असेल, असं वाटून मुलं ते उणे चिन्ह गुपचूप खोडतात आणि मग वजाबाकी करून ८२३.२ लिहितात. चिन्ह राहू द्या. शून्य कुठे धरायचं हे तुमच्या हातात आहे. विहिरीचा तळ धरा, जमीन धरा, गच्ची धरा, फरक तोच येतो. मात्र एकदा धरलेलं शून्य मध्येच बदलायचं नाही. वहीत मी आकृतीशेजारी 'इथे उंची ० धरली' असं लिहायला लावते. ते वाक्य लिहायचा कंटाळा करणाऱ्या मुलाचंच उत्तर चुकतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्या वाक्यासाठी मी हट्ट धरते.

कळसूबाईचंही तसंच. शिखर १,६४६ मीटर उंच, हे सगळ्यांना पाठ असतं. चढणाऱ्याची स्थितिज ऊर्जा किती वाढली असं विचारलं की उंचीच्या जागी थेट १,६४६ पडतात. पण ही उंची समुद्रसपाटीपासून आहे, आणि माणूस चढायला लागतो बारी गावातून, जे स्वतःच घाटमाथ्याकडे बरंच उंचावर आहे. शिखराच्या उंचीतून पायथ्याच्या गावाची उंची वजा करायची. पायवाटेने किती किलोमीटर चाललो ते यात येतच नाही.

वाटेच्या लांबीची हीच चूक घसरगुंडीच्या गणितात सर्रास होते. घसरगुंडीचा पत्रा ५ मीटर लांब, वरचं टोक ३ मीटर उंच, मूल २५ किलोचं. स्थितिज ऊर्जा २५ × ९.८ × ३ = ७३५ ज्यूल. पत्र्याची लांबी घेतली तर १,२२५ येते. गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढतं, आडव्या सरकण्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं.

आता वेगाची वजाबाकी. तीच स्कूटर सेकंदाला १० मीटरवरून २० मीटरवर गेली. गतिज ऊर्जा किती वाढली? बहुतेक मुलं २० मधून १० वजा करतात, उरलेल्या १० चा वर्ग करतात आणि ७,५०० लिहितात. खरं उत्तर असं: २० वर ३०,०००, १० वर ७,५००, फरक २२,५००. आधी वर्ग, मग वजाबाकी. पहिल्या १० साठी ७,५०० लागले आणि पुढच्या १० साठी त्याच्या तिप्पट. ब्रेक लावताना ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणाने संपवायची असते, म्हणून ब्रेक तेवढ्याच जोराने दाबला तरी दुप्पट वेगाची गाडी थांबायला चौपट अंतर खाते. अकरावी-बारावीतली मुलं गाडी चालवायला लागतात, त्यांना मी हे गणित दोनदा करायला लावते.

दोन्ही ऊर्जा एकत्र आल्या की

'निम्म्या उंचीवर वेग निम्मा' असं मनाला पटकन पटतं, पण तसं नसतं. मघाचा नारळ १२ मीटरवरून जमिनीवर येतो तेव्हा वेग असतो २ × ९.८ × १२, म्हणजे २३५.२ चं वर्गमूळ, सुमारे १५.३४ मीटर प्रति सेकंद, ताशी ५५ किलोमीटर. ६ मीटरवर गतिज ऊर्जा निम्मी, ८८.२ ज्यूल. पण वेग ११७.६ चं वर्गमूळ, म्हणजे १०.८४, शेवटच्या वेगाच्या सत्तर टक्क्यांहून थोडा जास्त. निम्मी होते ती ऊर्जा. वेग निम्मा असतो तो पाऊण उंचीवर, ९ मीटरवर, तीनच मीटर पडल्यावर.

इथे आणखी एक खोटा चकवा असतो. मुलगा १५.३४ चे नुसते १५ करतो आणि उलटी तपासणी म्हणून गतिज ऊर्जा काढतो: १६८.७५ ज्यूल. वर १७६.४ होती, खाली १६८.७५, मग उरलेले ७.६५ हवेच्या विरोधात गेले, असं तो समजुतीने लिहून टाकतो. ते हवेत गेलेले नाहीत, पूर्णांक करताना गेले. वेग मध्येच काढून परत वापरायचा असेल तर वेगाचा वर्ग, २३५.२, तसाच पुढे न्या. वर्गमूळ शेवटी काढा.

खरा ऱ्हास असतो तिथे तो गणितात सांगितलेला असतो. घसरगुंडीवरचं मूल खाली सेकंदाला ३ मीटर वेगाने पोचलं, असं दिलं तर गतिज ऊर्जा ११२.५ ज्यूल. ७३५ मधले ६२२.५ ज्यूल घर्षणात गेले. उन्हाळ्यात पत्र्यावरून घसरल्यावर चड्डी गरम लागते, त्यात उन्हाबरोबर या घर्षणाचाही वाटा असतो. गणितात 'घर्षण नगण्य' लिहिलं असेल तरच दोन्ही ऊर्जा सरळ एकमेकींच्या बरोबर मांडा.

विजेची गणितंही याच धड्यात येतात. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात उतरतं, साधारण पावणेपाचशे मीटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून १ × ९.८ × ४७५ = ४,६५५ ज्यूल. घरच्या बिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी एका युनिटसाठी सुमारे ७७३ लिटर पाणी खाली यावं लागतं, गच्चीवरच्या ७५० लिटरच्या टाकीपेक्षा जरा जास्त. इथे भागाकार ३,६०० आला तर तुम्ही युनिटचे ज्यूल करताना तासाचे सेकंद करायचे विसरला आहात.

अकरावीच्या मुलांसाठी एक जादा जागा. उपग्रहाच्या गणितात वस्तुमान × ९.८ × उंची चालत नाही, कारण वर जाताना गुरुत्व त्वरण कमी होत जातं. कळसूबाईच्या उंचीवर फरक नगण्य आहे. ४०० किलोमीटरवर साधं सूत्र सुमारे ६ टक्के जास्त देतं. आणि ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहासाठी ते जवळजवळ ६.६ पट जास्त देतं. हा ६.६ अचानक आलेला नाही: पृथ्वीच्या केंद्रापासून उपग्रहाचं अंतर भागिले पृथ्वीची त्रिज्या, ४२,१५७ भागिले ६,३७१.

दोन चुका एकाच गणितात झाल्या की भागाकारही एकमेकांत गुणले जातात. १९.६ आले तर ते ९.८ दुणे २. १२,९६० आले तर ग्रॅमही राहिले आणि ताशीही राहिलं. गेल्या महिन्यात एका मुलाचा भागाकार ६.४८ आला. गणित होतं सायकलचं: स्वारासकट ६० किलो, ताशी १८ किलोमीटर, उत्तर ७५० ज्यूल, त्याचं ४,८६०. सहाचा असा काहीच ओळखीचा आकडा नव्हता, म्हणून तो थोडा वेळ नुसता बघत बसला. मग त्याने ६.४८ ला दोनाने गुणलं. १२.९६. वेग बदलायचा राहिला हे त्याला लगेच दिसलं, पण दोन कुठून आले ते कळेना. वहीचं मागचं पान उलटल्यावर सापडलं: तिथे कच्च्या कामात त्याने ६० चे निम्मे ३० आधीच करून ठेवले होते, आणि पुढच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ½ × ३० × १८².